मल्लय्याचा दहीभात

आमच्या आज्जीच्या देवळीत नेमके किती देव होते, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कुंभारीतल्या आमच्या माळवदाच्या घरात चुलीच्या उजव्या अंगाला ती देवळी होती. तिच्यात खंडोबाचा टाक, तुळजापूरच्या आईचा टाक, अक्कलकोटच्या स्वामींची काच तडकलेली तसबीर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून आणलेली विभूती आणि हैद्र्याच्या दर्ग्यातून आणलेली हिरव्या कापडाची चिंधी, सगळं दाटीवाटीनं बसलेलं असायचं. मोहरम आला की आज्जी गूळ घालून चोंगे करायची आणि पंज्यांपुढं ठेवून यायची. श्रावणात सोमवार धरायची. एकादशीला मात्र तिला भूक आवरायची नाही. मग ती दुपारी शेंगाकुटाचा लाडू खायची आणि "विठोबाला ठावं हाय मला पित्ताचा तरास हाय ते" असं म्हणायची.

आज्जा नेमका उलटा. त्यानं कोणत्याही देवाला हात जोडलेले मी पाहिले नाहीत. तरुणपणी तो सोलापूरला जुन्या गिरणीत होता. तिथं त्यानं गिरणीकामगारांच्या सभा ऐकल्या, कुणाकुणाची भाषणं ऐकली आणि देव या विषयातून तो कायमचा बाजूला झाला. भांडला नाही, देवाची टिंगलही केली नाही. बाजूला झाला, एवढंच. आमचं गाव सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. स्वामींच्या दर्शनाला पायी जाणारी माणसं बारा महिने या वाटेनं जायची. लिंबाच्या झाडाखाली आज्जानं एक रांजण पुरून ठेवला होता. रोज पहाटे तो विहिरीवरून कावडीनं पाणी आणून रांजण भरायचा, वर फडकं बांधायचा आणि उलट्या ठेवलेल्या तांब्याखाली गुळाचे दोन खडे ठेवायचा. ते दोन खडे कुणाला पुरणार, असं मी विचारलं तर म्हणायचा, "ज्याला लई तहान लागलीय त्याला."

आज्जी त्याच्याकडं बोट दाखवून आम्हाला सांगायची, "ह्यो देवाचं नाव घेत न्हाई. पण मल्लय्याला दिसतंय."

मल्लय्या म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन. सोलापूरच्या सिद्धरामाची, म्हणजेच सिद्धेश्वराची, गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही ती येळवसला ऐकायचो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्या भागातला शेताचा सण. उभ्या जोंधळ्यात कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. आदल्या रात्रभर बायका राबायच्या. बाजरीचे उंडे, तीळ लावलेल्या भाकरी, शेंगापोळी, खिचडा, ताज्या भाज्या आणि शेंगा घालून केलेली ती दाट भज्जी, आणि मोठ्या केळीत आंबील. आंबील डोक्यावरून शेतात न्यायची आणि वाटेत सांडू द्यायची नाही. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. एकदा सर्कशीच्या गाडीचे दोन परप्रांतीय गडी पंक्तीला बसले होते, असं मला अंधुक आठवतं. धाकटी आत्या म्हणते, ते सर्कशीचे नव्हते, चादरी विकणारे होते. कोण होते कोण जाणे, पण तीन तीन उंडे खाऊन गेले.

जेवणं झाली की आगटी पेटायची, कोवळी कणसं भाजली जायची आणि आज्जी हुरडा चोळता चोळता सुरू करायची.

बाराव्या शतकातली ही गोष्ट. सोलापूर तेव्हा सोन्नलगी होतं. मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा मुलगा, अबोल. बोलत नाही, हसत नाही, लोक त्याला मंद समजायचे. गुरं राखायला पाठवला. रानात एक जंगम आला आणि म्हणाला, हुरडा दे. पोरानं भाजून दिला. गरम हुरडा खाऊन जंगमाच्या पोटात आग पडली. म्हणाला, दहीभात आण. पोरगं घराकडं धावलं. आयुष्यात कधी काही न मागणारं लेकरू दहीभात मागतंय, म्हणून आई हरखली. गाडगं घेऊन तो परत आला तर जंगम गायब. मग तो "मल्लय्या, मल्लय्या" अशा हाका मारत रानोमाळ रडत हिंडला. श्रीशैलला निघालेल्या यात्रेकरूंनी त्याला सोबत घेतलं आणि देवळात नेऊन लिंगापुढं उभं केलं. हा बघ तुझा मल्लय्या. पोर म्हणालं, हा माझा मल्लय्या नव्हे, माझ्या मल्लय्याला भूक लागली होती. आणि त्याला शोधत शोधत तो कड्याच्या टोकाला गेला आणि उडी टाकायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनानं त्याला धरलं. परत गावी जा, लोकांचं काम कर, असं सांगितलं.

"माझ्या मल्लय्याला भूक लागली होती" हे वाक्य आज्जीचं स्वतःचं असावं. राघवांकानं कन्नडात सिद्धरामाचं चरित्र लिहिलं. मी पुढं त्याबद्दल जे काही वाचलं त्यात हे वाक्य मला सापडलं नाही. पण मला तेच खरं वाटतं. दरवर्षी आज्जी इथं थांबायची आणि विचारायची, "त्या पोराला मंतर येत हुता का? पूजा ठावं हुती का? मग देव कसा काय आला?" आम्ही पोरं हुरड्यानं भरलेल्या तोंडानं काहीतरी उत्तर द्यायचो. तिला उत्तर नको असायचं. ती पुढं म्हणायची की ते रान आपल्या कुंभारीचंच. सोलापूरच्या आसपासची किती गावं असं म्हणत असतील, त्याची गणती नाही.

परत आलेल्या सिद्धरामानं देऊळ बांधलं, भोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. पण मुख्य म्हणजे तळं खांदलं. चार हजार शिष्य फावडी-पाट्या घेऊन राबले, असं परंपरा सांगते. आमच्या मुलखात पाऊस किती पडतो आणि किती वेळा पडत नाही, ते ज्यानं भोगलंय त्यालाच त्या तळ्याची किंमत कळेल. भुईकोट किल्ल्याच्या कुशीत ते पाणी आणि पाण्यात देऊळ, अजून आहे.

आज्जाच्या गोष्टी वेगळ्या असायच्या, त्यांत देव नसायचा. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मे रोजी गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. मग 12 मे पासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ. गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा. आज्जा तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. टोपी छपरात खोचून तो उघड्या डोक्यानं रात्री चालत कुंभारीला आला, आणि त्यानंतर सहा महिने की वर्षभर (इथं तो दर वेळी वेगळं सांगायचा) त्यानं डोक्यावर काहीच घातलं नाही. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. संक्रांत तोंडावर आलेली, गड्ड्याची यात्रा उभी राहत असलेली. त्या संक्रांतीला आपल्या घरात तीळगूळ झालाच नाही, असं आज्जा सांगायचा. आज्जी म्हणायची, झाला होता, पण खाल्ला कुणी नाही.

आज्जा या चौघांची नावं एका दमात घ्यायचा, आणि क्रम मात्र दर वेळी बदलायचा. मुद्दाम बदलत असावा. "शेवटाला कुणी महादेवाचं नाव घेतलं असंल, कुणी अल्लाचं. गेले एकाच कामासाठी," एवढंच म्हणायचा. आज्जी ऐकून देवळीतल्या सगळ्याच देवांना एकदम हात जोडायची. या दोघांचं उभ्या जन्मात एकमत झालं असेल, तर ते या चौघांविषयी.

आणि दुसऱ्यांदा झालं ते 1972 च्या दुष्काळात.

तो दुष्काळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. जोंधळा गेला, कडबा गेला, मग गुरं बाजारात कवडीमोलानं गेली. रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापली की चिरायची आणि खाल्ली की घशाला टोचायची. कामावर सुकडी मिळायची. ती मात्र आम्हा पोरांना आवडायची. घरातली सगळी धडधाकट माणसं खडी फोडायला, नाल्याच्या कामावर. आई हातोडी धरायची ती डोळे मिटूनच, कपची उडून डोळ्यात जाईल म्हणून. गावातल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. एक तेवढी शिल्लक राहिली, ती आमच्याच नात्यातल्या एका गृहस्थांची. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. माणूस मोठा नेमधर्माचा. पहाटे आंघोळ, तासभर पूजा, गळ्यात माळ, गुरुवारी घरी भजन, दरसाल पायी पंढरपूर. आज्जी त्यांना फार मानायची. त्यांच्या भजनाला ती पुढच्या ओळीत बसायची.

त्यांनी विहिरीला दार केलं आणि दाराला कुलूप लावलं. आमच्यासारख्या नात्यातल्यांना सकाळी दोन घागरी. महारवाड्यातल्या बायकांना, वडारांच्या पालांवरच्या माणसांना काही नाही. सोवळं मोडतं म्हणून. उन्हात त्या बायका रिकामी मडकी घेऊन बसलेल्या असायच्या आणि आतून अभंग ऐकू यायचे.

आज्जीनं आमच्या वाटणीच्या दोन घागरी आणल्या आणि दाराबाहेर बसलेल्या बायकांच्या मडक्यांत ओतल्या. दुसऱ्या दिवशी आणल्या, पुन्हा ओतल्या. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी विचारलं, वहिनी, हे काय करता? तेव्हा ती जे बोलली ते आमच्या घरात अजून जसंच्या तसं सांगितलं जातं. "दादा, ज्यानं तळं खांदलं त्याच्या नावानं हरहर करायचं आन् हिरीला कुलूप घालायचं? मल्लय्या तान्हेला बसलाय की दाराशी." त्यानंतर ती त्यांच्या भजनाला गेली नाही. कुलूप पुढं निघालं. आज्जा मामलेदाराकडं अर्ज घेऊन गेला म्हणून की आज्जी बोलली म्हणून, यावर घरात दोन मतं आहेत. आज्जी बोलली त्या रात्री आज्जानं तिला भाकरी वाढून दिली, हे मात्र मी पाहिलं. आमच्याकडच्या पुरुषांनी असं करायची पद्धत नव्हती.

पुढं सोलापूरला कॉलेजात असताना मला सिद्धरामाच्या गोष्टीचा पुढचा भाग समजला. तो आज्जीनं कधी सांगितला नव्हता, तिला तो ठाऊकच नव्हता. पंधराव्या शतकात कन्नडात शून्यसंपादने नावाचा ग्रंथ रचला गेला. त्यात शिवशरणांचे संवाद आहेत. अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात. तळ्याचं काम चालू आहे. अल्लमप्रभू विचारतात, कुठं आहे तो तुमचा वड्डर? सिद्धरामाला माती खोदणारा म्हणून हाक मारतात. शिष्य चिडून दगड मारतात. सिद्धराम स्वतः संतापून येतो. प्रभू शांत. त्यांचं म्हणणं असं की तळं खांदलंस, देवळं बांधलीस, पण हे मी केलं ही गाठ आत राहिली तर सुटका कसली? पुढं ते त्याला कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, घेऊन जातात, बसवण्णांच्या मेळ्यात. तिथं दुसराच प्रश्न निघतो. सिद्धरामाच्या अंगावर इष्टलिंग नाही, त्याला दीक्षा नाही. मग तो आपल्यातला कसा? सिद्धराम म्हणतो, माझा मल्लिकार्जुन माझ्या आत आहे, बाहेरच्या लिंगाची मला काय गरज? बराच वाद होतो आणि अखेर तो चेन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतो.

माझं तेव्हा वय असं होतं की दीक्षेचा शेवट मला रुचला नाही. ज्याला देवानं कड्यावरून उचललं, त्याला दीक्षा कशाला? सुट्टीत कुंभारीला आलो तेव्हा हे सगळं मी आज्जीला तावातावानं सांगितलं. ती तेव्हा पार वाकली होती, ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तळं खांदणाऱ्याला वड्डर म्हणून हिणवलं, हे तिला लागेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "मग? सिद्धराम रुसून बसला का?"

नाही, म्हटलं. ऐकलं त्यानं.

"मग झालं की," म्हणाली. आणि जरा वेळानं, "आन् वड्डर म्हणलं तर त्यात वाईट काय हाय? खांदतच हुता की त्यो." विहिरीवरच्या त्या बायका तिच्या डोळ्यांपुढं असाव्यात, असं मला वाटतं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

गड्ड्याच्या यात्रेतली कुंभारकन्या आज्जीची फार लाडकी. सिद्धराम योगी, लग्न करणार नाही. कुंभाराच्या पोरीनं त्याच्याशीच लग्न करायचा ध्यास घेतला. तेव्हा त्यानं आपल्या योगदंडाशी लग्न लावायची तिला परवानगी दिली. तेच लग्न अजून दर जानेवारीत सोलापुरात लागतं. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. उंचच उंच सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक. त्या सात काठ्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडं आहेत, मातंग समाजाकडंही. होमाच्या दिवशी कडब्याची कुंभारकन्या करतात, तिला हिरवं नेसवतात आणि अग्नी देतात. आज्जी अक्षतांना हटकून जायची आणि होमाला कधीच जायची नाही. "लगीन बघितलं, बास. पोरगी जळाल्याली मला बघवत न्हाई." शेकडो वर्षांच्या विधीतला एक भाग तिला पटत नव्हता आणि तो तिनं सरळ सोडून दिला होता. कुणाला सांगत सुटली नाही, कुणी अडवलंही नाही.

आज्जीनं जिथं शेरडं चारली त्या माळावर आता घरं आहेत. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही वसाहत, महिला विडी कामगारांची, दहा हजार घरं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी आणि त्या बायकांनी किती मोर्चे काढले, किती वर्षं, ते आमच्या रस्त्यानं पाहिलंय. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांना मिळाली. गोदूताई पुण्यात जन्मल्या, वकिलीची पदवी घेतली आणि आयुष्य काढलं ते ठाण्याच्या जंगलपट्टीत वारल्यांमध्ये, त्यांना वेठबिगारीतून सोडवण्यात. कम्युनिस्ट बाई. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्या वसाहतीत आमच्या ओळखीची एक तेलुगू अक्का राहते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री, आणि बोलता बोलता पानं कापून विड्या वळल्या जातात. भिंतीवर मार्कंडेय आहे, बालाजी आहे आणि त्याच रांगेत गोदूताईंचा फोटो, त्यालाही हळदीकुंकू. त्या देव मानत नव्हत्या हो अक्का, असं मी एकदा म्हणालो. अक्कानं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "त्या न्हाई मानल्या. मी मानते की त्यांना." मला लिंबाखालचा आज्जा आठवला. पुढं कुंभारीच्याच शिवारात रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक. सगळ्या धर्मांची कुटुंबं एका माळावर आली. पाण्याची अडचण तिथंही आहेच, आमच्या मुलखात ती कुठं नाही?

मला लोक विचारतात, तुम्ही आस्तिक की नास्तिक? मी आज्जीचाही नातू आहे आणि आज्जाचाही, त्यामुळं या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही, आणि तो प्रश्न मला महत्त्वाचाही वाटत नाही. कोण काय मानतो यावरून आमच्या घरात माणूस जोखला गेला नाही. पूजेचा तास आणि विहिरीचं कुलूप मी एकाच घरात पाहिलेलं आहे. रांजण भरणारा हात कधी जोडला न गेलेला पाहिला आहे. या दोहोंत मला निवड करायची झाली तर मी रांजणाच्या बाजूला आहे, आणि आज्जी माझ्याआधीच तिकडं उभी होती, देवळीतल्या सगळ्या देवांसकट. तिचा मल्लय्या हा तिचा आधार होता, तो मी कुणालाही हिरावू देणार नाही. पण त्या मल्लय्यानं तिला त्या उन्हातल्या बायकांपर्यंत नेलं नसतं, तर माझ्या लेखी तो देवळीतला एक दगडच राहिला असता.

येत्या भोगीला जमलं तर सोलापूरला या. संमती कट्ट्यापाशी जागा हवी असेल तर सकाळीच पोचावं लागतं. घरातलं म्हातारं माणूस चालण्यासारखं असेल तर त्यांनाही आणा, सोबत पाण्याची बाटली आणि शेंगाचटणी-भाकरी घ्या, आणि अक्षता पडल्यावर गर्दी ओसरेपर्यंत तळ्याच्या काठी बसून त्यांच्याकडून त्यांच्या गावची गोष्ट ऐका. ती त्यांच्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही.